नुरुद्दीनच्या नावाचा बोकड

१

मी जे लिहायला बसलो आहे त्यातलं मला खरोखर किती आठवतं आणि किती मी मागाहून आठवणीत घातलं, हे आता खात्रीने सांगता येत नाही. आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं. आठवण ही फार लबाड गोष्ट असते, असं दरवर्षी नव्या वर्गाला सांगत आलो; तेच आता या वयात स्वतःला सांगावं लागतं. शिवाय त्या वर्षी मी विषमज्वरातून नुकता उठलो होतो. अशा दुखण्यानंतर काही महिने कानांवर विसंबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा मी जे आवाज ऐकले म्हणतो, ते वाचणाऱ्याने जपूनच घ्यावेत.

बत्तीस सालची दिवाळी झाल्यावर हवापालटासाठी मी रेवदंड्याला अनुसूयामावशीकडे आलो. मावशी विधवा, घरात एकटी, नारळी-पोफळीची लहानशी वाडी सांभाळून असे. मला तिने माडीवरची खोली दिली. खिडकीखाली मेंदीची वई, आणि वईपलीकडे करमअलीभाईंचं घर. त्यांची पडवी, पडवीतला झोपाळा, आणि खांबाला बांधलेला एक मोठा तांबडा बोकड मला अंथरुणावरून दिसत असे.

सकाळी करमअलीभाईंची सून बिल्किस फणसाचा पाला घेऊन बाहेर येई. बोकड जमिनीवरचा पाला खात नसे. ती एकेक पान हातात धरी, तेवढंच तो घेई. पुस्तक वाचण्याइतकी शक्ती माझ्यात नव्हती, म्हणून मी ते बघत राही.

"दुसऱ्याच्या पडवीत असं टक लावून बसू नये, दादा," मावशी पेज घेऊन येताना म्हणाली. "समुद्र बघ. त्याच्यासाठी आलास ना?"

"मी बोकडाकडे बघतोय, मावशी."

"हो तर. बोकडाकडेच बघत असतात सगळे."

२

बोकडाची हकिगत मला खुद्द करमअलीभाईंनी सांगितली. मी काठी टेकत वईपर्यंत जाऊ लागलो, तेव्हा ते पलीकडून गप्पा मारायला येत. उंच, वाकलेला, दाढी मेंदीने रंगवलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा नुरुद्दीन मोम्बासाला दुकानात कामाला गेलेला.

"जायच्या आधी वरीसभर पाळला त्यानं हा सुलतान," ते म्हणाले. "मन्नत केली. सुखरूप परत आलो तर बकरी ईदला माझ्या हातानं कुर्बानी देईन. आता याला विकायचा न्हाय, कापायचा न्हाय. नुरुद्दीनच्या नावाचा हाय तो."

"आणि नुरुद्दीन कधी येणार?"

ते बोकडाची पाठ खाजवू लागले. तीन वर्षं मुलाचा निरोप नव्हता. पुढे पौषात मुरुडचा एक खलाशी तिकडून परतला आणि त्याने सांगितलं, की झांजिबारकडे जाणारं एक गलबत बुडालं, त्यात नुरुद्दीन होता. बातमी ऐकून बिल्किसचा भाऊ उरणहून आला. पडवीत बसून त्याने सरळ विचारलं, ते माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आलं.

"चाचा, ती पंचवीस वर्षांची हाय. गायबाना नमाज पढा, तिला इद्दतीला बसवा. चार महिने दहा दिवस झाले की मी तिला घेऊन जातो. किती वर्षं बसवणार तिला अशी?"

"मय्यत न्हाय, खबर पक्की न्हाय, आणि नमाज पढू?"

"मय्यत समोर नसली तरी आपल्यात पढतात. तुमाला ठाव हाय."

"मला ठाव हाय ते हे," करमअलीभाई म्हणाले आणि त्यांनी सुलतानकडे बोट दाखवलं. "ज्याच्या नावाचं जनावर, त्याचं त्याला कळतं. माझे चुलते रंगूनला वारले तेव्हा त्यांच्या नावाच्या बोकडानं त्याच दिवशी तोंड मिटलं. हा खातोय ना? मग माझा पोरगा जिवंत हाय. ज्या दिवशी हा पाला सोडील त्या दिवशी मी स्वतः मशिदीत जाऊन सांगीन."

भाऊ चिडून निघून गेला. बिल्किस दाराआड उभी होती. तिची सुटका त्या बोकडाच्या तोंडावर अवलंबून होती, आणि ती रोज स्वतःच्या हाताने त्याला भरवत होती.

३

करमअलीभाईंचं म्हणणं मला अर्थातच पटलं नाही. आफ्रिकेच्या समुद्रातलं बोकडाला काय कळणार? पण जो त्याला भरवतो त्याच्या मनातलं त्याला कळतं, हे मला शास्त्राला धरून वाटलं. हाताची पकड, श्वास, चालण्यातला ताण जनावर वाचतं आणि तसं वागतं. मी आठवडाभर लक्ष ठेवलं. करमअलीभाई सुस्कारे टाकत शेजारी बसले तरी सुलतान ढिम्म. बिल्किसचं डोकं दुखत असलं की मात्र त्याची मान खाली. ती मनाशी गुणगुणत आली की हा पुढचे पाय खांबावर टाकून उभा.

आणि बुडाल्याची बातमी आल्यापासून तो करडासारखा उड्या मारत होता.

सासरा त्याचा अर्थ मुलगा खुशाल आहे असा लावत होता. मला दुसरा अर्थ दिसत होता, आणि तो दिसल्यापासून मला त्या बाईचा संशय येऊ लागला. तिचा चेहरा अगदी हवा तसा होता. डोळे खाली, ओठ कोरडे, बोलणं कमी. चेहरा एक सांगत होता आणि बोकड दुसरंच. हिला एवढा आनंद कशाचा? गलबताबद्दल हिला आपल्यापेक्षा जास्त काही माहीत आहे की काय?

मी मावशीला विचारलं. ती सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"तू कुठे बघितलायस नुरुद्दीनला? तो पडवीत आला की तो बोकड गुडघे टेकून तोंड जमिनीला लावायचा. एवढंसं करडू होतं तेव्हा. त्याचा कान पिळायचा तो."

"खेळात?"

"खेळात कसला! झोपाळ्यावर बसून, बोलता बोलता, सावकाश. पण फार जपून हो. कान फाटलेलं जनावर कुर्बानीला चालत नाही ना त्यांच्यात. खूण म्हणून राहू द्यायचा नाही." अडकित्ता थांबला. "बायकोचंही तसंच. कधी कुणाला खूण दिसली नाही. मी दिसलंच नाही म्हणून गप्प बसले."

मग एका सकाळी मावशी वाडीत गेली असताना बिल्किस आमच्या मागल्या दारी भांडं परत द्यायला आली. भांडं ठेवूनही ती गेली नाही.

"भाऊ, तुमी जनावराच्या मनाचं शिकलात म्हणे."

"माणसाच्या. जनावराचं थोडंसं."

"मग सांगा, तो खायचं कशानं सोडील?"

ही आता कसलं तरी विषारी मूळ-बी मागणार, असं मला वाटलं. मी सावध होऊन म्हणालो, "आजारी पडला तर."

"आजार सासऱ्यांना ओळखता येतो. तसं न्हाय."

"बिल्किसबाई, त्याला समुद्रावरचं काही कळत नाही. त्याला तुमचं कळतं. तुम्ही जशा असाल तसा तो."

ती एकदम हसली. तिचं हसू मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"म्हंजे चोर घरातच हाय. मी."

"मी तसं म्हणत नाही."

"म्हणा की. रडले तर चालंल?"

"खरं रडू असलं तर."

"परवा कांदा चिरून रडत बसले त्याच्यासमोर. मेल्यानं माझा पदर चावला." मग हसू गेलं. "मला दुःख येत न्हाय, भाऊ. खोटं कशाला बोलू? भीती येईल. ती कुठं ठेवलीय ते ठाव हाय मला."

४

दुसऱ्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं. पाला पुढे टाकून ती उंबऱ्यावर बसे, झोपाळ्याकडे तोंड करून, डोळे मिटून. ओठ हलत. ती नवऱ्याला आठवत होती, एवढं मला उघड दिसत होतं. एखादी चांगली विद्यार्थिनी धडा पाठ करते तसं, तुकड्यातुकड्याने. एके दिवशी तिने त्याची घडी घातलेली गोधडी आतून आणून झोपाळ्यावर अंथरली. मग झोपाळ्यापाशी त्याची पिकदाणी मांडली. मग पाण्याचा पेला. करमअलीभाई हे सगळं बघत आणि त्यांचे डोळे भरून येत. सून नवऱ्याची वाट बघते आहे, असं त्यांना वाटे.

सुलतानने आधी पाला अर्धा टाकला. मग हुंगून सोडू लागला. आणि एका दुपारी त्याने पुढचे गुडघे मुडपले, तोंड जमिनीला लावलं आणि तसाच राहिला. एवढा मोठा शिंगांचा बोकड, पण त्या क्षणी करडाएवढा दिसला. करमअलीभाई तांब्या हातात घेऊन बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. मग ते पायरीवर बसले. रडण्याचा आवाज आला नाही, पण पाठ हलत होती.

त्या शुक्रवारी मशिदीत नुरुद्दीनची गायबाना नमाज झाली. गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. बिल्किस विधवेच्या इद्दतीला बसली. उरणहून भाऊ आला आणि दिवस मोजून गेला.

आता मी बोकडाची वाट बघत होतो. काम झालं, भीती टाकून द्यायची, मोकळं व्हायचं. एक-दोन दिवसांत तो उड्या मारील असा माझा होरा होता. खोटं कशाला, मला त्याची उत्सुकताच होती.

तो उठला नाही. म्हणजे सकाळी थोडं खाई, पाणी पिई. पण ऊन चढलं की पुन्हा गुडघे टेके. आणि त्यात एक गोष्ट अशी होती, जी माझ्या हिशेबात बसेना. त्या वेळी बिल्किस पडवीत नसे. ती आत, चुलीपाशी असे; भांड्यांचा आवाज येई. माझं सगळं शास्त्र तिच्या हातावर आणि श्वासावर उभं होतं. ती समोर नसताना तो कुणाचं काय वाचत होता?

त्याच सुमारास झोपाळ्याचा आवाज माझ्या कानावर येऊ लागला. रिकामा झोपाळा वाऱ्याने हलतो तेव्हा कड्या बारीक, वेड्यावाकड्या कुरकुरतात. माणूस बसला की आवाज जड होतो, सावकाश आणि एकसारखा येतो. मी ऐकत होतो तो जड होता. करमअलीभाईंचा गुडघा धरलेला, ते झोपाळ्यावर कधी बसत नसत आणि त्या वेळी वाडीतच असत. खिडकीतून बघावं तर पडवीचं छप्पर उन्हात तापलेलं, खाली नुसती सावली, आणि सावलीत बोकडाची वाकलेली पाठ.

मी खाली येऊन मावशीच्या झोपाळ्यावर बसून पाहिलं, उठून रिकामा ढकलून पाहिला, पुन्हा बसलो.

"लहान मूल झालास का?" मावशी म्हणाली.

"तुला पलीकडचा आवाज येतो का गं?"

तिने झोपाळा हाताने धरला. "दुपारची खिडकी लावून झोपत जा," एवढंच म्हणाली. तिने तो आवाज ऐकला होता की माझी काळजी केली होती, हे मला त्या वेळीही कळलं नाही.

५

वैशाख संपत आला. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या होत्या, आणि शेवटच्या दिवशी दुपारच्या बोटीने मी मुंबईला परतणार होतो. सामान बंदरावर गेलं. निरोप घ्यावा म्हणून मी वईला वळसा घालून करमअलीभाईंच्या अंगणात गेलो. हाक मारली. उत्तर आलं नाही. मी पायरीपर्यंत गेलो.

झोपाळा सावकाश झुलत होता. मी बघत असतानाच तो थांबला, म्हणजे पाय टेकून थांबवावा तसा. त्यावर गोधडी होती, मधोमध दबलेली. समोर बिल्किस उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेला, दोन्ही हातांत पाण्याचा पेला. झोपाळ्याच्या डाव्या अंगाला सुलतान गुडघे टेकून होता.

मला आधी रागच आला. आता कुणासाठी हे सोंग? नमाज झाली, सासऱ्याने मानलं, गावाने मानलं. मी काही बोलणार तेवढ्यात बोकडाचा डावा कान वर उचलला गेला.

जनावर कान हलवतं तसा तो हलला नाही. तो दुमडला. मग हळूहळू, फार जपून, एक पीळ बसला. टोक लाल झालं. बोकडाने आवाज केला नाही. तो बिल्किसकडे बघत होता. आणि बिल्किसने पेल्यावरचा एक हात काढून आपल्या दंडावर ठेवला, चोळीच्या बाहीखाली झाकलेल्या जागी, आणि दात आवळले.

मग तिने मला पाहिलं. मान जराशी हलवली: जा. त्या हलवण्यात लाज नव्हती, विनवणीही नव्हती. घरचा पुरुष घरात असताना परक्या माणसाला दारातून परतवतात, तशी तिने मान हलवली.

मी गेलो. बंदरापर्यंतच्या वाटेवर मी कारणं शोधली. माशी बसली असेल. बोकडाच्या कानाचे स्नायू. तिला लागलेली कल्पनेची सवय, तिच्यावरून बोकडाला, आणि दोघांवरून दुखण्यातून उठलेल्या मला. ही कारणं मी पुढे अनेक वर्षं वापरली. त्यातलं एकही मला वाईट वाटत नाही.

६

पुढचं मावशीने मुंबईला आली तेव्हा सांगितलं. इद्दत पुरी झाली त्या दिवशी भाऊ दाराशी बैलगाडी घेऊन आला होता. बिल्किस उंबऱ्याबाहेर आली नाही.

"घरचा माणूस घरात असताना मी कुठं येऊ?" ती म्हणाली.

भावाला वाटलं, ती सासऱ्याबद्दल बोलते आहे. म्हाताऱ्याला टाकून येववत नाही. तो चार शब्द बोलून गेला. दोन वर्षांनी करमअलीभाई वारले. भाऊ पुन्हा आला. तिने पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर तो आला नाही. ती त्या घरातच राहिली. मावशीने वईकडची खिडकी कायमची बंद करून घेतली आणि त्याबद्दल मी विचारलं की ती दुसरंच काही बोले.

नुरुद्दीन बुडाला होता, यात मला कधीच शंका नव्हती. पडवीत जे दिसलं त्याचा मी काहीही अर्थ लावला, तरी तो त्या एका गोष्टीवर उभा असे.

बावन्न साली माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला आले. अहमदसेठ, मुरुडकडचे, उभी हयात मोम्बासात काढलेले. बोलताना रेवदंड्याचा विषय निघाला. मी सहज म्हणालो, की तिथला एक नुरुद्दीन तुमच्याकडच्या समुद्रात बुडाला होता.

"करमअलीचा नुरुद्दीन?" ते म्हणाले. "बुडाला कोण म्हणतो? त्याचं ते गलबत चुकलं होतं, तो त्यावर चढलाच नाही. गेल्या रमजानात वारला, माझ्याच दुकानाच्या माडीवर. मीच माती दिली त्याला."

मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. बापाचं नाव, वाडीची जागा, मन्नतीचा बोकड. सगळं जुळलं. मग मी विचारलं, की एवढ्या वर्षांत तो घरी एकदाही का गेला नाही.

"गेला की. माझ्याबरोबरच गेला. तेहतीस साली, आगबोटी बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी." तो दिवस माझाच होता, हे मी त्यांना खोदून खोदून विचारून पक्कं करून घेतलं. "सकाळच्या बोटीने आम्ही रेवदंड्याला उतरलो. मी सामानापाशी बसलो, तो घर बघून येतो म्हणाला. आणि जरा वेळात परत! तोंडावर रक्त नाही. म्हणाला, दुपारची बोट धरू, मुंबईला जाऊ, तिथून मिळेल त्या जहाजाने माघारी. मी म्हटलं, अरे, घरी कोणी नाही का? तर म्हणाला, हाय. मी विचारलं, बाप? तो म्हणाला,  न्हाय, बायको हाय, पडवीत उभी हाय. मग मला भलताच संशय आला. मी विचारलं, दुसरा कुणी माणूस बसलाय का घरात?"

"काय म्हणाला?"

अहमदसेठनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हणाला, दुसरा न्हाय. मीच बसलोय."